कोरफड मरते ती पाण्याने

(रौप्यमहोत्सवी वर्षात आपल्या गच्चीवर झालेल्या 'घरची बाग' या कार्यक्रमातील भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



मला आज कोरफडीवर बोलायला सांगितलंय. दोन दिवसांपूर्वी फळ्यावर सूचना लागली तेव्हा जिन्यात दोघी-तिघींनी मला अडवून विचारलं, "कोरफडीवर काय बोलणार? ती तर आपोआप येते." खरं आहे, आपोआप येते. पण मग आपल्या तीन विंगमध्ये दर पावसाळ्यात इतक्या कोरफडी कचऱ्याच्या डब्यात का जातात, याचं उत्तर द्यायला हवं. सप्टेंबरमध्ये सफाईवाल्या मावशींना विचारा. मऊ पडलेली, वास मारणारी, बुडातून सुटून आलेली कोरफड त्यांनी किती वेळा उचलली आहे, ते त्या सांगतील.

मी वनस्पतिशास्त्र शिकवलेलं नाही. पण सोसायटीत राहायला आल्यापासून गॅलरीत झाडं ठेवते आहे, आणि माझं घर दुसऱ्या मजल्यावर आहे. म्हणजे वरच्यांच्या कुंड्यांचं पाणी माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांवर येतं आणि माझ्या कुंड्यांचं खालच्यांच्या. दोन्ही बाजूंची तक्रार मला कळते, म्हणून कोरफडीबरोबर या पाण्याचंही आज बोलणार आहे. हे दोन विषय वेगळे नाहीत, हे शेवटी तुमच्या लक्षात येईल.

आधी एक साधी गोष्ट बघा. आपल्या गेटसमोरच्या किराणा दुकानाच्या दारावर नजर लागू नये म्हणून कोरफड उलटी टांगलेली आहे. मुळं वर, पानं खाली. माती नाही, कुंडी नाही, कोणी पाणी घालत नाही. महिने झाले, अजून हिरवी आहे. उलट टोकं वाकवून ती वर उजेडाकडे निघाली आहे. आणि तीच कोरफड आपण चांगल्या कुंडीत, चांगल्या मातीत लावतो, रोज प्रेमाने पाणी घालतो आणि ती दोन महिन्यांत जाते. यावरूनच कळावं की तिला पाण्याची भूक फार नाही. कोरफड तहानेने क्वचित मरते. ती मरते पाण्याने.

असं का? ती मूळची कुठली, ते पाहिलं की कळतं. कोरफड अरबस्तानच्या बाजूची. आपल्यापैकी काहींची मुलं, भाचे मस्कतला नोकरीला आहेत. त्यांना विचारा, तिथे वर्षभरात साधारण शंभरएक मिलिमीटर पाऊस पडतो. आणि आपल्या ठाण्याला? एका पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या वर. जुलैतल्या एखाद्या दिवसात तिकडच्या वर्षभराएवढा पाऊस आपण छत्रीवर झेलतो. कोरफड आपल्याकडे शेकडो वर्षं रुळली, आयुर्वेदात तिला कुमारी, घृतकुमारी अशी नावं मिळाली, दुकानात कुमारी आसव मिळतं, तरी तिच्या मुळांची सवय कोरड्या, खडकाळ जमिनीचीच आहे.

तिची शरीररचनाही त्याच हिशेबाची. पान कापलं की आत दिसतो तो पारदर्शक गर, त्यात जवळजवळ ९९ टक्के पाणी असतं. म्हणजे प्रत्येक पान ही पाण्याची टाकीच. दुसरं, पानाला हवा घेण्याची बारीक छिद्रं असतात. बहुतेक झाडांची ती दिवसा उघडी असतात आणि त्यातून पाणी उडून जातं. कोरफड ती दिवसा मिटून घेते आणि रात्री गारव्यात उघडते. तेव्हा हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेऊन साठवते आणि दुसऱ्या दिवशी उन्हात त्याचं अन्न करते. यामुळे तिचं पाणी फार कमी खर्च होतं.

यावरूनच मोबाइलवर एक मजकूर फिरतो, की कोरफड रात्री ऑक्सिजन सोडते म्हणून बेडरूममध्ये ठेवा. रात्री ती कार्बन डायऑक्साइड घेते एवढं बरोबर आहे. ऑक्सिजन मात्र तयार होतो उजेडात. आणि एका कुंडीने खोलीतल्या हवेत काही फरक पडत नाही. बेडरूमच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवलेल्या कोरफडीचं मात्र नुकसान होतं. तेव्हा खिडकी उघडा आणि कोरफड गॅलरीतच राहू द्या.

आता रोजच्या जीवनात कोरफडीला जास्त पाणी जातं कुठून? आपल्या घरांत याची तीन कारणं मला दिसतात.

पहिलं कारण तुळस. आपण तुळशीला रोज सकाळी पाणी घालतो. तुळशीशेजारी जागा असते म्हणून कोरफडीची कुंडी तिथेच ठेवतो. तांब्यात उरलेलं पाणी, पूजेचं पाणी, ओततो शेजारी. तुळस ते पिऊन टाकते, कोरफडीला ते बाधतं. एकाच कट्ट्यावर दोघींचा संसार ठेवायचा असेल तर पाणी घालणाऱ्या प्रत्येकाला हे सांगून ठेवायला हवं. घरात पाणी घालणारे तिघं असले की कोरफडीचे फार हाल होतात. सकाळी आजोबा घालतात, दुपारी बाई घालतात, संध्याकाळी नातू घालतो.

दुसरं कारण माती. नर्सरीतून काळ्या पिशवीत जे रोप येतं ते चिकट लाल मातीच्या गोळ्यात असतं. तो गोळा आपण तसाच कुंडीत बसवतो आणि भोवती आणखी बागेची माती दाबतो. अशी माती ओली झाली की आठ-आठ दिवस ओलीच राहते. मुळांना पाणी लागतं तशी हवाही लागते. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत ती हवा असते. त्या पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळं गुदमरतात, मरतात, मग बुरशी लागते, आणि सड मुळांतून बुडात, बुडातून पानांत चढते. आपल्याला कळतं ते अगदी शेवटी, पान मऊ पडल्यावर.

आणि तिसरं कारण आपल्या सोसायटीतलंच आहे. दोन वर्षांपूर्वी कमिटीने सर्क्युलर काढलं, की कुंड्यांचं पाणी खालच्या मजल्यावर पडता कामा नये. सर्क्युलर योग्यच होतं. खालच्यांनी धुतलेली चादर पुन्हा धुवायची, त्यांच्या भिंतीवर मातीचे ओघळ यायचे, हे काही बरोबर नाही. पण त्यावर उपाय म्हणून बऱ्याच घरांनी काय केलं? काहींनी कुंडीचं भोक सिमेंटने बुजवलं. काहींनी भोकच नसलेल्या चिनी मातीच्या कुंड्या आणल्या. बाकीच्यांनी खाली खोल बशा ठेवल्या. भांडण मिटलं. आणि त्या पावसाळ्यात कोरफडी गेल्या. कारण वरून गेलेलं पाणी बाहेर पडायला वाटच उरली नाही.

बशांचं तर आणखी वाईट झालं. डेंग्यू पसरवणारा डास गटारातल्या घाण पाण्यात नाही, तर घराजवळच्या साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. कुंडीखालची बशी त्याला अगदी सोयीची. उन्हाळी-पावसाळी हवेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आणि ही अंडी पाण्याच्या कडेला, बशीच्या भिंतीला चिकटतात. बशी कोरडी झाली तरी ती महिनोन्महिने टिकतात आणि पुन्हा पाणी आलं की फुटतात. म्हणून नुसती बशी ओतून चालत नाही, घासावी लागते. त्या वर्षी आपल्याच इमारतीतली एक मुलगी डेंग्यूने आजारी पडली, आठवडाभर दवाखान्यात होती. तिला डास कुठे चावला हे कुणी सांगू शकत नाही, आणि मी कुणाच्या बशीवर बोट ठेवत नाही. पण महापालिकेची माणसं तपासणीला आली तेव्हा अळ्या सापडल्या त्या बहुतेक कुंड्यांखालीच, हे आपण सगळ्यांनी पाहिलं.

तेव्हा प्रश्न असा आहे: भोक हवं, पण पाणी खाली पडायला नको. बशीत साचायलाही नको. हे तिन्ही एकदम कसं साधायचं?

उत्तर सोपं आहे, आणि ते कोरफडीच्या स्वभावातच आहे. तिला पाणी लागतं महिन्यातून दोन-तीनदा. मग तिला पाणी गॅलरीत घालायचंच कशाला? बाथरूममध्ये न्या. माझ्या हातात ही कुंडी आहे ती बघा. ही दोन भांड्यांची आहे. आत भोकांची हलकी प्लॅस्टिकची कुंडी, तिच्यात झाड. बाहेर दिसायला चांगली, भोक नसलेली चिनी मातीची कुंडी. पाण्याच्या दिवशी आतली कुंडी उचलायची, मोरीत ठेवायची, तांब्याने सावकाश पाणी घालायचं. खालच्या भोकांतून ते वाहून येईपर्यंत घालायचं. मग अर्धा तास तशीच निथळू द्यायची. निथळली की उचलून पुन्हा बाहेरच्या कुंडीत. थेंब खाली पडत नाही, बशी लागत नाही, डास नाही, भांडण नाही. आपल्याकडे टँकरचं पाणी येतं तेव्हा मातीवर पांढरा थर धरतो, तो क्षारही या धुण्याने निघून जातो. ज्यांनी सिमेंट भरलं आहे त्यांनीही आतून एक भोकांची कुंडी ठेवली की काम झालं. आधीची कुंडी फेकायला नको.

मोठी, जड कुंडी असेल, उचलवत नसेल, तर ती गच्चीवर किंवा तळमजल्याच्या बागेत ठेवा. कमिटीची परवानगी घेऊन, अर्थात. गच्चीवर ठेवताना कुंडी थेट लादीवर टेकवू नका, खाली विटांचे तुकडे द्या. कुंड्यांच्या रांगेने पावसाच्या पाण्याची वाट अडली की पाणी तुंबतं आणि खालच्या कोब्यात मुरतं. मग वरच्या मजल्यावरच्यांच्या छताला ओल येते. आणि कठड्यावर, ग्रीलच्या बाहेर कुंडी ठेवू नका. ओल्या मातीचं वजन आणि वाऱ्याचा झोत, खाली मुलं खेळत असतात.

आता माती. घरी करता येईल असं मिश्रण सांगते. एक भाग बागेची लाल माती, एक भाग जाड वाळू आणि एक भाग विटांचे मटाराएवढे तुकडे. वर मूठभर जुनं शेणखत किंवा गांडूळखत, बस. नदीची वाळू हल्ली सहज मिळत नाही. बांधकामाला वापरतात ती दगडाची क्रश सँड चालते, पण आधी बादलीत दोन-तीनदा धुऊन तिची पूड काढून टाका, नाहीतर ती पूडच सिमेंटसारखी बसते. समुद्राची वाळू मात्र नको, तिच्यात मीठ असतं. नुसतं कोकोपीटही नको, ते पाणी धरून ठेवतं. ओळख एकच: पाणी घातलं की ते लगेच आत शिरलं पाहिजे आणि मिनिटभरात खालून बाहेर आलं पाहिजे. वरच डबकं होऊन राहिलं तर माती बदलायची.

कुंडी मातीची असेल तर उत्तम, कारण तिच्या अंगातून ओल उडते. दिवाळीला आपण कुंड्या रंगवतो, त्यात एक काळजी घ्या. गेरू लावा, तेलाचा रंग नको. तेलरंगाने कुंडीची छिद्रं बुजतात. कुंडी खोल असण्यापेक्षा पसरट बरी, कारण कोरफडीची मुळं खोल जात नाहीत, आडवी पसरतात. आणि फार मोठी कुंडी नको. छोट्या झाडाभोवती खूप माती असली तर ती माती वाळत नाही. भोकावर माती वाहून जाऊ नये म्हणून एक खापराचा तुकडा पालथा ठेवा, तेवढं पुरे.

पाणी कधी? लोक मला विचारतात, "आठवड्यातून किती वेळा?" असा नियम केला की चुकतो. तरी अंदाज म्हणून सांगते. मार्च ते मे आठ-दहा दिवसांनी. ऑक्टोबरच्या उन्हात दहा-बारा दिवसांनी. थंडीत पंधरा दिवसांनी. आणि पावसाळ्यात कुंडी आडोशाला ओढून घ्यायची, मग तीन आठवड्यांनी एकदा, तेही माती पूर्ण सुकली असेल तर. पण खरा नियम कॅलेंडरवर नाही, कुंडीत आहे. मातीत बोट दोन पेरं खुपसा किंवा आइसक्रीमची लाकडी काडी खोल घाला. बोटाला ओल लागली, काडीला माती चिकटली, तर थांबा. दुसरी युक्ती वजनाची. पाणी दिलेल्या दिवशी कुंडी उचलून बघा आणि वाळल्यावर उचलून बघा. दोन-तीनदा केलं की हाताला कळतं. घरातल्या मुलांना हे काम द्या, त्यांना आवडतं. आणि ज्या दिवशी पाणी द्यायचं त्या दिवशी पोटभर द्या. रोज चमचाभर शिंपडणं हे कोरफडीला सगळ्यांत वाईट.

ऊन म्हणाल तर तिला उजेड भरपूर हवा. पूर्वेच्या गॅलरीत सकाळचं तीन-चार तासांचं ऊन मिळालं तर फार छान. पश्चिमेच्या गॅलरीत एप्रिल-मेचं दुपारचं ऊन लागलं की पानं तांबूस, तपकिरी होतात. घाबरू नका, ते उन्हाचं लक्षण आहे. थोडी आत सरकवा, हिरवा रंग परत येतो. उलट पानं लांब, पातळ, बाजूला लोळलेली दिसली, तर तिला उजेड कमी पडतोय. अशा कोरफडीला एकदम भर उन्हात नेऊ नका, आठ-दहा दिवसांत हळूहळू न्या.

आता आजार ओळखायचं. पान सुरकुतलं, आत वळलं की आपण म्हणतो, पाणी हवंय. थांबा. आधी मातीला हात लावा. माती कोरडी ठणठणीत असेल तर खरंच तहान आहे, पाणी द्या, दोन-तीन दिवसांत पान भरेल. पण माती ओली असून पान सुरकुतलं असेल, तर मुळं सडली आहेत आणि म्हणूनच पाणी वर पोचत नाही. अशा वेळी आणखी पाणी घातलं की ती गेलीच. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात, उपाय मात्र अगदी उलटे. आजच्या बोलण्यातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: पान बघून पाणी घालू नका, माती बघून घाला.

सड लागलेली कोरफड वाचवता येते, लवकर कळलं तर. कुंडीतून बाहेर काढा, माती झाडा. काळी, मऊ, ओढली की निसटणारी मुळं धारदार सुरीने कापा. बुडाचा मऊ भागही पांढरा, घट्ट भाग लागेपर्यंत कापा. मग ती वर्तमानपत्रावर सावलीत पाच-सात दिवस तशीच ठेवा. हो, पाण्याशिवाय, मातीशिवाय. दुकानाच्या दारावरची आठवते ना? जखम कोरडी पडून त्यावर खपली धरली की नव्या कोरड्या मिश्रणात लावा आणि आणखी आठवडाभर पाणी देऊ नका. सगळं बूडच मऊ झालं असेल तर मात्र झाड जाऊ द्या, शेजारची पिल्लं वाचवा.

पिल्लांचं सांगते. आईच्या बुडाशी बाजूला छोटे फुटवे येतात. ते वीतभर झाले, त्यांना स्वतःची मुळं आली, की वेगळे करा. दोन-तीन दिवस सावलीत सुकवा, मग लावा. काही जण नुसतं पान कापून मातीत खोचतात. सर्पपर्णीचं पान असं रुजतं, ज्याला आपण स्नेक प्लांट म्हणतो. कोरफडीचं रुजत नाही, सडतं. कोरफड पिल्लांवरच वाढवायची.

पानांच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण. मुंग्या चढताना दिसल्या की तिथे नक्की बघा. कापसाचा बोळा साबणाच्या पातळ पाण्यात बुडवून पुसून काढा, जास्त असेल तर कडुनिंबाच्या तेलाचं पाणी फवारा, संध्याकाळी. पावसाळ्यात पानावर तपकिरी ठिपके आले तर ते पान काढा आणि कुंड्यांमध्ये अंतर ठेवा, वारा खेळू द्या. आणि कृपा करून दुधाच्या चहाचा चोथा, डाळ-तांदळाचं धुवण हे रोज कोरफडीत ओतू नका. माती आंबते, चिलटं येतात. वर्षातून एकदा-दोनदा मूठभर गांडूळखत तिला पुरतं, तेही पावसाळ्यात नको.

आता शेवटचा भाग, आणि याबद्दल मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते. आपण कोरफड लावतो ती बहुतेक वेळा उपयोगासाठी. भाजलं, खरचटलं, केसांना लावलं. हल्ली सकाळी उपाशीपोटी रस पिणारेही आपल्यात आहेत. दोन गोष्टी पाहून घ्या.

एक, ती कोरफडच आहे ना? नर्सरीत तिच्यासारखी दिसणारी शोभेची बरीच झाडं मिळतात. घायपात तर जाडजूड आणि काटेरी, दुरून कोरफडच वाटते. तिचं पान कडक, आत दोरखंडाचे धागे, टोकाला टणक काटा, आणि तिचा रस अंगाला लागला की खाज सुटते. कोरफडीचं पान रसाळ, कडेला मऊसर काटे, आत स्वच्छ गर. आपल्याकडच्या औषधी कोरफडीला फूल पिवळं येतं. लाल-केशरी फुलाची असेल तर ती शोभेची जात समजा आणि शोभेलाच ठेवा.

दोन, पिवळा चीक. पान कापल्यावर सालीच्या लगत जो पिवळा, कडू चीक येतो तो गरापेक्षा वेगळा. तोच वाळवून काळा बोळ होतो. आपल्या आज्या तो अगदी मोजून-मापून वापरायच्या, कारण तो जोरदार रेचक आहे. मुरडा येतो, जुलाब होतात. अमेरिकेत या चिकाच्या रेचक गोळ्या पूर्वी औषधाच्या दुकानात सरळ मिळत. त्या सुरक्षित असल्याचा पुरावा नाही म्हणून तिथल्या सरकारने २००२ मध्ये त्यांची तशी विक्री थांबवली. तेव्हा 'घरचं आहे, नैसर्गिक आहे' म्हणून सालीसकट पान मिक्सरमधून काढून पिऊ नका. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी, लहान मुलांनी तर अजिबात नाही. मधुमेहाच्या, हृदयाच्या, रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. आणि घरात मांजर-कुत्रा असेल तर कुंडी त्यांच्या तोंडाला येणार नाही अशी ठेवा. त्यांना ती बाधते, उलट्या-जुलाब होतात.

अंगाला लावायला पान काढायचं तर सगळ्यांत खालचं, बाहेरचं, जाड पान बुडापासून काढा. मधली कोवळी पानं नकोत. झाड वर्षा-दीड वर्षाचं होईपर्यंत तर थांबाच. एका वेळी एक-दोन पानं. कापलेलं टोक खाली करून पान पेल्यात पंधरा मिनिटं उभं ठेवा, पिवळा चीक निथळू द्या. मग धुवा, साल काढा, पुन्हा धुवा. आधी मनगटावर थोडं लावून बघा. खोल जखमेला, मोठ्या भाजण्याला घरचा गर लावू नका, थंड पाणी घाला आणि दवाखाना गाठा.

आता टेबलावर ठेवलेल्या टोपलीकडे या. त्यात तळमजल्याच्या बागेतल्या जुन्या कोरफडीची पिल्लं आहेत. परवाच काढून सुकवली आहेत. प्रत्येक घराला एक. ज्यांच्या गेल्या पावसाळ्यात गेल्या त्यांनी आधी घ्यावीत. बरोबर कागदावर मातीचं मिश्रण लिहून दिलं आहे. ज्यांच्या घरी भोक बुजवलेली कुंडी आहे त्यांच्यासाठी बाजूला भोकांच्या जुन्या प्लॅस्टिकच्या कुंड्याही ठेवल्या आहेत, फुकट.

आज घरी नेऊन लावा, आणि पुढचा आठवडाभर पाणी घालू नका. घरातल्या बाकीच्यांनाही तसं सांगा, विशेषतः आजोबांना. त्यानंतर पहिलं पाणी बाथरूममध्ये, निथळून.

 प्रश्न असतील तर चहा घेता घेता विचारा.